वरच्या नऊ ओळी

क्लाक्सविकच्या धक्क्यावर पहाटे सव्वाचारला
ब्रांडुरची होडी इंजिन चालू ठेवून उभी,
आणि केबिनमधला लहानसा संगणक
अजून जागा होत नाही.

त्याला मोजायचं असतं नुसतं पाण्याचं तापमान.
एक आकडा, एक वेळ, बस्स.
पण उठता उठता तो सगळ्यांना हाका मारतो:
नकाशेवाल्याला, पीडीएफ बांधणाऱ्याला,
आणि आलेखवाल्याला,
जो वर्षातून एकदा, जानेवारीत, अहवालापुरता लागतो.
आज आलेखवाला सापडत नाही.
डिस्कवर जागा करताना कुणीतरी पुसून टाकलाय.
एक पाहुणा आला नाही म्हणून
सगळी पंगत अडून बसावी, तसं झालंय.

रान्वा हे फोनवर ऐकते,
तोर्सहावनला, स्वयंपाकघरात, पायात एकच मोजा.
ब्रांडुर शिव्या देत नाही. म्हणतो,
"प्रवाह फिरायला लागलाय, पोरी."

ती फाइल उघडते.
सगळ्यात वर नऊ ओळी, नऊ आमंत्रणं,
सात वर्षांपूर्वी तिनेच लिहिलेली.
तेव्हा वाटायचं, दार उघडायच्या आत
घरात सगळे हजर हवेत.

एक ओळ ती कापते,
खूप खाली उतरते,
आणि आलेख काढणाऱ्या फंक्शनच्या पोटात
चार जागा आत सरकवून ठेवते.
मग दुसरी. नकाशाची.
शेजारी एक वाक्य, कोळ्यालाही कळेल असं:
'आलेखाचं सामान या होडीवर नाही.
हवं असेल तर बंदरात आल्यावर मागवा.'

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला
आपल्याकडे हसतात.
पण ही विहीर खणलेलीच आहे.
फक्त तहान लागेपर्यंत
झाकण काढायचं नाही, एवढंच.

उपग्रहावरून बदल उतरायला अकरा मिनिटं.
तेवढ्यात ब्रांडुरची कॉफी, आणि अर्धी दुसरी.
मग पडद्यावर: ९.८.
फोनमध्ये दोर सोडल्याचा आवाज,
आणि त्याने फोन ठेवलेला.

रान्वा तशीच बसून राहते.
तिला ठाऊक आहे, चूक मेलेली नाही.
ती फक्त जानेवारीत राहायला गेली,
एका बंद खोलीत, जिथे तोवर कुणी डोकावणार नाही.

दुधाच्या पावतीच्या मागे ती लिहून ठेवते:
डिसेंबर. आलेखवाल्याला
एकदा हाक मारून बघ.