एक मिनिट, पाच मिनिटं

वाळपईच्या सरकारी इस्पितळात एकतीस वर्षं
मी पहिली परीक्षा घेत आले.
दहा गुणांची. वेळ एक मिनिट.
रंग, ठोके, रडणं, हातपायांची उचल,
नाकात नळी गेल्यावर तोंड वाकडं होतं का ते;
प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन.
नापास कुणाला करायचं नसतं,
पण आकडा लिहावा लागतो,
आईचं नाव, गाव, वजन, आणि त्यापुढच्या चौकोनात.

चरावण्याच्या झोऱ्यांची मुलगी
तीन गुण घेऊन आली.
निळी, गप्प, भिजल्या फडक्यासारखी.
काजूच्या भट्टीचा वास खिडकीतून आत येत होता
आणि डॉक्टर साखळीहून निघाले होते,
म्हणजे पोचले नव्हते.
मी पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या,
फुगा दाबत राहिले.
तीनाचा अर्थ एवढाच होता
की हात थांबवायचे नाहीत.

पाच मिनिटांनी पुन्हा गुण द्यायचे असतात.
नऊ.
एक कापला, पावलं अजून निळसर होती,
आणि परीक्षक म्हणून मी कडक.
चैत लागला होता. नाव मीच सुचवलं.

आज चैताली माझ्या ओसरीवर बसली आहे,
मोबाइल मांडीवर पालथा.
बांबोळीची यादी तिच्या वरच्या नावाशी संपली.
एक प्रश्न.
एक गोळा चुकीच्या घरात काळा झाला,
चार मिळाले नाहीत, एक गेला, पाच.
उंचावरून टाकलेला दगड जमिनीला कधी लागतो,
असं काहीतरी विचारलं होतं.
तो धडा झाला त्या दिवशी
कदंबा होंड्याला बंद पडली होती,
आणि फोंड्याचा क्लास कुणासाठी थांबत नाही,
वर्षाची फी म्हशीच्या किमतीएवढी असली तरी.

शेजारचे म्हणतात, आकड्यात काय आहे गो,
माणूस बघावा, मन बघावं.
मी मान हलवत नाही.
माझ्या वेळी माणूसच बघितला होता.
नर्सिंगला अर्ज केला तेव्हा बाबा
भाटकाराची चिठ्ठी घेऊन गेले होते,
सोबत पोत्यात दोन बरके फणस.
साहेबांनी चिठ्ठी वाचली. माझी मार्कलिस्ट
फणसाखालीच राहिली.
बाहेर बाकावर एक मुलगी होती, केर्याची,
माझ्याहून एकोणीस गुण जास्त.
परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती.
मी तिला चणे दिले. तिने घेतले.
एकतीस वर्षं कुणी मला ‘सिस्टर’ म्हटलं
की क्षणभर वाटायचं, तिलाच हाक मारली.

म्हणून आकड्याला शिव्या देणं मला जमत नाही.
आकड्याला मामा नसतो.
पण त्याला चरावण्याहून मुख्य रस्त्यापर्यंतची
चार किलोमीटरची चढण पण दिसत नाही,
सहाची बस, कंदिलाएवढा टॉर्च,
आणि दूध घालून मग अभ्यासाला बसणारे हात.
वर निघालेल्या पाचशे मुलांत
कोण कुठून निघालं, ते कुठल्या चौकोनात लिहायचं?
मला ठाऊक नाही. मी सुईण, यादी करणारी नव्हे.

चैताली विचारते,
सिस्टर, परत देऊ? की पुरे?
फी, म्हैस, बापाचा दुखरा गुडघा,
सगळं त्या ‘पुरे’त आहे, मी ओळखते.
उत्तर तयार नाही माझ्याकडे.
चहा ठेवायला उठते,
जाता जाता तिच्या पावलांकडे नजर जाते,
चपलेत तांबडी माती, नखं गुलाबी.

निकाल साडेअकराला लागला.
भिंतीवरच्या घड्याळात
आत्ता कुठे एक मिनिट झालं आहे.