तारेचा वेढा

सावईवेऱ्याच्या देवळात मी तांब्याची तार ओढली,
खांबांमागून, सतरंजीच्या कडेखालून,
सगळ्या मंडपाला एकच वेढा.
सेक्रेटरी विचारत होते, स्पीकर कुठाय?
म्हटलं, नाही. ज्याच्या कानात यंत्र,
त्याच्यापुरतीच ही तार बोलते.
त्यांनी बिल दोनदा वाचलं.

शाबी सतरकर चाळीस जत्रा विंगेत बसला.
मांडीवर वही. आधी कंदील, मग बॅटरी, मग झिरोचा दिवा.
राजांना, राक्षसांना, विधवांना
नखाएवढ्या आवाजात त्यांचे शब्द पुरवत.
लोकांना वाटायचं, राजाला सगळं पाठ आहे.

मग कान गेले.
यंत्र आलं, त्यात पंखे आले, खुर्च्या, पोरं,
खाज्याच्या दुकानावरची घासाघीस,
सगळं एकाच उंचीचं.
नाटक तेवढं आलं नाही.
मध्यंतराला भजी खाऊन तो घरी जायचा.

दुपारी त्याच्या यंत्राचा खटका तारेवर टाकला.
माइकवर म्हटलं, एक, दोन, तीन.
तो म्हणाला, भुंगा.
रंगमंचाचा डिमर बंद केला. भुंगा गेला.
म्हटलं, शाबीकाका, तुमच्या कुळागरातली सुपारी कोणी पाडली?
म्हणाला, तुझ्या बापानं.

रात्री दीडला, दुसऱ्या अंकात,
कदंबाचा कंडक्टर राजा होता आणि राजा अडला.
तारेचा माइक विंगेच्या फार जवळ लागला होता.
चूक माझी.
विंगेतून केतकी शब्द देत होती,
मंडपाला ऐकू येत नव्हतं, राजालाही नाही,
एकट्या शाबीला येत होतं:
तिचा श्वास, बोटाची थुंकी,
चिकटलेली दोन पानं एकदम उलटल्याचा आवाज.

तो आठव्या रांगेतून कुजबुजला,
"प्रधानजी, दिवे लावा,
कोण कोण उरलंय ते पाहू द्या."
त्याला वाटलं, कुजबुजला.
बाहेर खाजेवाल्यानं तराजू खाली ठेवला.

राजानं वाक्य घेतलं.
मंडप हसत होता, टाळ्याही पडल्या,
पण मंडपातलं तारेत येत नाही.
शाबी मान खाली घालून
पुढचं पान ऐकत होता.

सकाळी सेक्रेटरी म्हणाले, तो माइक मधे घ्या.
मी शिडी लावली.
खाली शाबी उभा, शिडी धरून.
यंत्र खिशात होतं, म्हणजे माझं काही ऐकायचं नव्हतं.
म्हणाला, उतर.