पैकी

कोर्टाच्या आवारात माझं टायपिंगचं टेबल.
अकरा महिने, लाइटबिल वेगळं,
भिंतीला खिळा ठोकायचा नाही...
भाडेकरार मी डोळे मिटून टाइप करतो.

महिनाभर स्वतःसाठी खोली बघतोय.
अनगोळ, वडगाव, मग शहापूर.
बोर्ड कुठल्या भाषेत
यावरून या गावात दगड पडलेत,
पण दारातला पहिला प्रश्न
दोन्ही भाषांत एकाच शब्दावर टेकतो:
"तुम्ही कुणापैकी?"
"नीवु याव पैकी?"

मेत्री, म्हणतो. भरमा मेत्री.
मग त्यांना आठवतं,
पुतण्या यायचाय पुण्याहून.
शहापूरच्या बाईंनी तर कुलूप काढून
अर्धं उघडलेलं दार परत ओढलं.
ओल्या चुन्याचा वास तेवढा
माझ्या वाट्याला आला.

"पुरावा काय?" वकील विचारतात.
नकाराला स्टॅम्पपेपर लागत नाही, साहेब.
खाली दोन साक्षीदारांच्या सह्याही नसतात.

आज त्याच बाई आल्या, करार करायला.
मला ओळखलं नाही.
भाडेकरूचं नाव सांगितलं, वय, नोकरी.
मी विचारलं, "पैकी?"

"अवो, ते कशाला लिहायचं कागदावर?"

"लिहूया की," म्हटलं,
आणि बोटं बटणांवर ठेवून
बसून राहिलो.