वाळवण

गोल्ड कोस्ट, १९३७

सांजेला ओदुरोने दवंडी पिटली.
हातात घंटा, घशात खोकला:
ऐका हो, उद्यापासून
एक बीसुद्धा काट्यावर जायची नाही.

मला वाटलं, आता सुट्टी.
नवव्या वर्षी असंच वाटतं.

पण न विकलेला कोको
विकलेल्याहून जास्त राबवतो.
पहाटे चटया उलगडायच्या,
अनवाणी पायांनी बिया फिरवायच्या,
ढग दिसला की धावत गुंडाळायच्या.
आई म्हणायची,
बुरशीला थोडाच कळतो आपला संप?

बंदरावरच्या कंपन्यांनी म्हणे
आपसांत ठरवून टाकलं होतं, कुणी किती द्यायचे.
गेल्या सालच्या निम्म्याहून कमी.
मापातलं पाप आम्हाला नवं नव्हतं,
काट्यावर अंगठा टेकवणारा दलाल बोआतेंग
आमच्याच मावशीचा जावई.
हे पाप मात्र लांबचं, कागदावरचं.
त्याला अंगठाच नव्हता.

मग विलायती कापडही बंद.
सेरवा लग्नाला उभी राहिली जुन्याच निळ्यात,
उसवून, उलटं करून शिवलेल्या.
नाचताना शिवण सुटली
आणि अख्खं गाव हसलं,
सेरवासुद्धा,
कित्येक आठवड्यांनी.

जानेवारीत उत्तरेचा कोरडा वारा आला.
ओठ फुटले. दोस्ती फुटल्या.
एका सकाळी पायवाटेवर सांडलेल्या बिया,
भोक पडलेल्या पोत्याची माग,
ओबिरीच्या दारापासून ओढ्यापार.
त्याची पोर तापाने फणफणलेली
हे सगळ्यांना माहीत होतं.
तरी पंचांनी मेंढीचा दंड केला.
मेंढी त्याच्याकडे नव्हती.

अंधार पडल्यावर आईने आमच्यातली
दोन टोपल्या बी उचलली,
त्याच्या रिकाम्या चटईवर ओतली,
पायाने पसरली, कडेपर्यंत.
"कंपनीचा माणूस हिंडतोय.
एक चटई उघडी दिसली
तर तो उद्या दहा दारं ठोठावेल."
ओबिरी दारात उभा होता.
आत ये म्हणाला नाही.

एप्रिलात काटे पुन्हा हलले.
तोवर त्याचा मागचा तोडाही
त्याच चटईवर पडला होता,
आमचं कुठवर, त्याचं कुठून,
पोती भरताना कुणालाच सांगता येईना.

भर सगळं त्याच्याच पोत्यात,
आई म्हणाली.
आणि घरी येऊन
दोन दिवस कुणाशी बोलली नाही.