बिनघोड्याचं पिस्तूल

जुन्या रिव्हॉल्व्हरला घोडा होता.
मागे, अंगठ्याजवळ, उघड्यावर.
उठलेला असला की नागाच्या फण्यासारखा दिसायचा,
माणूस आपसूक दोन पावलं मागं सरायचा.

या नव्याला घोडा नाही.
म्हणजे आहे, पण पोटात.
एक पिन, एक स्प्रिंग, आणि नखाएवढी खुंटी,
जिला ती पिन अडकून असते
अर्धी ताणलेली, दिवसभर,
जेवताना, मोटारसायकलवर, नाक्यावर पेंगताना.
बाहेरून नुसतं गुळगुळीत काळं.
विचारावं तरी कुठं तोंड लावून,
बाबा, तू जागा आहेस की निजला?

सेफ्टी कुठे आहे, मी ट्रेनिंगला विचारलं.
चापातच आहे, साहेब म्हणाले,
चापावर एक छोटी जीभ आहे, ती दबल्याशिवाय चाप दबत नाही.
म्हणजे किल्ली कुलपातच ठेवायची
आणि म्हणायचं, दार बंद आहे.
हे मी मोठ्यानं बोललो नाही.
बावीस वर्षं आर्मरर आहे,
काय बोलू नये ते कळतं.

शिवाय पुसायला उघडायचं तर आधी चाप दाबावाच लागतो.
रोज सकाळी वाळूच्या बादलीत नळी धरून
मी रिकाम्या पिस्तुलाला मारायला सांगतो.
टक्.
मग श्वास सोडतो.

शेवंता गेडामचं मंगळवारी झालं, बाजाराच्या दिवशी.
मोहफुलांचे ढीग, सुकी मासोळी, प्लास्टिकच्या चपला.
एका म्हातारीची पिशवी फाटली, जवस सांडला,
शेवंता वाकली, दोन्ही हातांनी भरू लागली.
आणि कमरेला, चामड्यात, बटण लावलेलं असताना
ते वाजलं.

लोकांना वाटलं टायर फुटला.
गोळी मांडीतून जाऊन मातीत शिरली.
दवाखान्यात नर्सनं तिची मूठ
एकेक बोट करून उघडली,
आत जवस.

चौकशीला नागपूरहून दोघे आले.
पहिला प्रश्न, बोट कुठे होतं?
मी सांगितलं, जवसात.
त्यांनी लिहिलं, बोट चापावर असण्याची शक्यता नाकारता येत नाही.
म्हातारी आपणहून आली होती, पायी, सात किलोमीटर.
म्हणाली, तिचे हात त माया जवसात होते जी.
तिला हत्यारांची माहिती नाही म्हणून
तिचं लिहून घेतलं नाही.
कंपनीचं पत्र आलं, नऊ पानी.
दोष आढळला नाही.

त्या रात्री भिंगाखाली मी खुंटी पाहिली.
कड झिजलेली दिसली,
तांदळाच्या कणीचं टोक झिजावं तशी.
दिसली, की मला दिसावीशी वाटली,
शपथेवर नाही सांगता येणार.

माझा आजा शिकारीहून आला की
उंबऱ्याबाहेर थांबायचा,
गुडघ्यात धनुष्य दाबून दोरी उतरवायचा,
मगच घरात पाय.
कायले, मी एकदा विचारलं.
ताणलेलं लाकूड थकते बाबू, तो म्हणाला,
अन् थकलेलं कोणाचं आयकत नाही.

शेवंता आता वायरलेसच्या खोलीत बसते.
जिना चढताना कठड्याला धरते,
माझ्या खोलीसमोरून जाताना आत पाहत नाही.
पिस्तूल परत आलं, त्याच नंबरचं,
तेल लावून, शिक्का मारून.
आज ते हेमराज दर्रोला द्यायचं आहे.
चोवीस वर्षांचा पोरगा, लग्न ठरलेलं,
उजव्या बाजूला लटकवून दोनदा आरशात पाहून आला.

रजिस्टर उघडलं.
नंबर, तारीख, गोळ्या दहा, सही.
शेऱ्याच्या रकान्यात एरवी मी 'ठीक' लिहितो.
आज लिहिलं,
दोरी उतरवता येत नाही.

साहेबांनी खाली सही केली, न वाचता,
आणि हेमराजला म्हणाले, चाल.