जुळारी

तुरीनच्या छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवले मी.
उलटी अक्षरं वाचायची सवय अशी जडली
की दुकानांच्या सुलट्या पाट्यांपाशी अजून अडखळतो.

दालमास्सोचं हस्तलिखित यायचं मंगळवारी,
कधी लेकीच्या वहीतल्या मागच्या पानांवर,
कधी कसायाच्या बिलांच्या पाठीवर.
महिनाअखेरीला शाईत पाणी इतकं
की वादळं फिकट यायची.

उद्गारचिन्हं संपायची आमची.
गलबतावर चढाई सुरू झाली की बाराव्या पानाला
केसमधला तो कप्पा रिकामा.
मग पलीकडच्या गल्लीत स्तोत्रं छापणाऱ्या पाद्र्यांकडून
मूठभर उसनी आणायची.
त्यांच्याकडे पडूनच असत.

समुद्र?
एकदा पाहिला होता त्याने. साव्होनाला, मेव्हणीच्या लग्नात.
होडीत बसला आणि भडाभडा ओकला.
परतताना रुमाल तोंडाला लावून म्हणाला,
"मी लिहितो तो हा नव्हे."
झेलिंदाबाईंनीच सांगितलं मला हे,
मिठाचे खडे चमच्याने मोजता मोजता.
मालक बाल्ब्यानो पानं मोजायचा, ओळी सैल दिसल्या की पैसे कापायचा.
आणि दालमास्सो नगर वाचनालयात
नकाशावर दोरा ताणून मैल मोजत बसायचा,
तिथे शेगडी होती म्हणून.

अंगणापलीकडे पाववाल्याचा ओद्दिनो.
आठ वर्षांचा, भुवयांवर पीठ.
मी कामावरून आलो की जिन्यात आडवा :
"कप्तान ब्रास्का जिवंत आहे ना?"
"आहे," म्हणायचो मी. "बेड्यांत आहे, पण आहे."

त्या हिवाळ्यात डांग्या खोकल्याने
वहीवाली लेक गेली.
दोन मंगळवार काही आलं नाही.
तिसऱ्या मंगळवारी शेवटचं प्रकरण आलं, कोऱ्या, महागड्या कागदावर,
एकही उद्गारचिन्ह नसलेलं.
ब्रास्का बुडत होता.
"आणि पाणी त्याच्यावर मिटलं."
पुढे पूर्णविराम. कागद फाटेस्तोवर दाबलेला.

पूर्णविराम म्हणजे केसमधला सगळ्यांत हलका खिळा.
चिमट्यात धरला, ठेवला, काढला.
मग शेजारी आणखी एक ठेवला.
आणि आणखी एक.

प्रूफं त्यानेच तपासली. खिडकीशी नेऊन
ते पान त्याने बराच वेळ धरलं.
माझी नोकरी गेली असं मी धरून चाललो.
त्याने टोपी घातली,
"थंडी फार आहे," म्हणाला,
आणि टिंबांना हात न लावता गेला.

त्या तीन टिंबांतून पुढची नऊ पुस्तकं निघाली.
बाल्ब्यानोने तळ्याकाठी बंगला बांधला.
झेलिंदाबाई मीठ मोजतच राहिल्या.

दालमास्सो गेला तेव्हा बातमी मीच जुळवली.
चार ओळी. शेवटी, सवयीने म्हणा,
तीन टिंबं.
मालकाने चष्मा पुसला, दोन काढायला लावली.
"वर्तमानपत्र आहे हे," म्हणाला.
बरोबरच होतं त्याचं.

मग लढाई आली. शिसं वजनावर गेलं,
वादळं, बेटं, कट्यारी,
पाद्र्यांची न परतवलेली उद्गारचिन्हंसुद्धा
एकाच कढईत वितळली.
त्याच्या गोळ्या झाल्या म्हणतात. कुणाला लागल्या, ठाऊक नाही.

पोरं डोंगरात गेली तेव्हा
प्रत्येकाने एक खोटं नाव घेतलं, घरच्यांना त्रास नको म्हणून.
आमच्या चौकातल्या भिंतीवर आता संगमरवरी पाटी आहे.
पाचवं नाव ओद्दिनोचं.
त्याखाली, बारीक अक्षरांत : ब्रास्का.

मी जाता येता वाचतो. सुलटं आहे, तरी वेळ लागतो.
पुढे कसलंच चिन्ह नाही.
पाथरवट विसरला असेल,
किंवा अक्षरामागे पैसे ठरले असतील त्याचेही.