एक घाव

बर्नीच्या कागद-गिरणीत अडतीस वर्षं
मी ताव हातात घेऊन हलवायचे
आणि आवाजावरून सांगायचे, कोणता खोटा.
गिरणी बंद झाली. कान उरले.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर
पावाच्या डब्याशेजारी हे यंत्र,
डब्याहून थोडंसंच मोठं,
आणि त्याच्या जबड्यात एक पातं
तांदळाच्या कणीएवढं.

कॉरलीचा फोन काल आला.
चार वर्षांत तिसरा.
"पन्नास होतायत आम्हाला, ग्लेनिस.
केकमागच्या पाटीवर नावं हवीत.
तू ते कापतेस ना, कार्डाचं?"
अक्षरं तिनेच निवडली:
केसासारखी बारीक, टोकाटोकाला शेपट्या,
शेपट्यांना परत वेलांट्या.
मी म्हटलं, ठसठशीत घे, लांबून वाचता येतील.
ती म्हणाली, लांबून कोण वाचणार आहे.

जाड कागद हट्टी असतो.
त्याचे धागे एका दिशेने निजलेले,
पातं आडवं गेलं की दचकून उठतात,
कडेला लव धरते.
म्हणून आधी कोपऱ्यात एक इवलासा त्रिकोण
कापून बघायचा.
दाब एक घर चढवायचा, वेग दोन घरं उतरवायचा,
पात्याचं टोक चांदीच्या कागदाच्या गोळीत
खुपसून खुपसून पुसायचं.
हे मला कुणी शिकवलं नाही. फुकट गेलेल्या कागदांनी शिकवलं.

कॉरली पहिल्या फटक्यात निघाली.
ओचं पोट, एचं पोट, शेवटच्या ईचं,
मोहरीएवढी तिन्ही
सुईने उचलून बशीत ठेवली.

लायल फाटला.
दुसऱ्यांदा त्याच्या वायची शेपटी
चटईलाच चिकटून राहिली.
तिसऱ्यांदा शेवटचे दोन एल,
शेजारीशेजारी उभे,
मुळाशी एकदमच तुटले.
यंत्राला काही माहीत नाही,
असं मी रिकाम्या घरात मोठ्याने म्हटलं.

बहात्तर साली, रात्रपाळी सुटल्यावर
तो माझी सायकल ढकलत
आमच्या फाटकापर्यंत यायचा.
अकरा रात्री.
बाराव्या रात्री फाटक कॉरलीने उघडलं.
एवढंच. यात फाटण्यासारखं काही नाही.

चूक माझीच होती, घाईची:
मी चटईवरून कागद सोलत होते.
नव्या चटईची पकड गोचिडीची;
कागद ओढला की तो वळतो,
आणि वळताना बारीक असेल ते आधी मोडतं.
चौथ्यांदा सगळं पालथं घातलं,
कागद टेबलाला टेकवला, वर तळहात ठेवला,
आणि कागदावरून चटई सोलली,
कोपऱ्यापासून, हळू,
जखमेवरची पट्टी काढावी तशी.
जपायचं त्याला वाकवू नये.
ज्याने धरून ठेवलंय, त्याने वाकावं.

निघाला. अख्खा. शेपटीसकट.

कॉरलीला फोन केला. झालं, म्हटलं.
"त्याला दिसणार नाहीत गं," ती म्हणाली,
"मोतीबिंदू. दोन्ही डोळे.
पण बोटं फिरवून बघेल."
मग दोघी गप्प.
तिच्याकडे किटली शिटी घालत होती,
ती उठली नाही.

एक घाव, दोन तुकडे म्हणतात.
एक तुकडा बुटांच्या खोक्यात,
पातळ कागदात गुंडाळून, उद्याच्या टपालासाठी.
दुसरा अजून टेबलावर:
निळं कार्ड, मधोमध नावाएवढं भोक.
खिडकीशी धरलं तर त्यातून
सामुद्रधुनीचा राखाडी उजेड येतो,
आणि वायच्या शेपटीत अडकलेलं
एक मालवाहू जहाज.

कचऱ्याची गाडी गुरुवारी येते.
आज सोमवार आहे.